१ ऑगस्टचा दिनविशेष: एका तारखेखालच्या नोंदी कशा पारखाव्यात

आपण विचारले आहे की, शाळेच्या परिपाठात १ ऑगस्टचा दिनविशेष वाचला जातो तेव्हा लोकमान्य टिळकांचे निधन, असहकार चळवळीचा प्रारंभ आणि अण्णा भाऊ साठे यांचा जन्म या तिन्ही नोंदी १९२० याच वर्षाच्या निघतात आणि मुले त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे असे विचारतात. शिवाय आपल्याकडच्या एका संग्रहात टिळकांची पुण्यतिथी ३१ जुलै अशी छापलेली आहे, तेव्हा कोणते खरे मानावे आणि असा दिनविशेष तयार करताना नोंदी तपासाव्यात कशा. एका दैनिकाच्या दिनविशेष सदराचे काम बरीच वर्षे सांभाळत आल्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. त्याचे उत्तर १ ऑगस्टच्याच आधाराने देतो, कारण दिनविशेषातल्या बहुतेक अडचणी या एका तारखेत सापडतात.

तिन्ही नोंदी बरोबर आहेत. १ ऑगस्ट १९२० हा रविवार होता आणि त्या एका दिवशी या तिन्ही गोष्टी झाल्या, असे सांगण्यास हरकत नाही. मात्र तिन्ही नोंदींची जात निराळी आहे. निधन त्या दिवशी घडले, चळवळीसाठी तो दिवस आधीच मुक्रर करण्यात आला होता आणि जन्माचा उरलेल्या दोहोंशी काडीचाही संबंध नव्हता. प्रत्येक नोंदीपुढे ‘ही तारीख नेमकी कशाची?’ हा एक प्रश्न लावला, तर दिनविशेषाचे निम्मे काम होते, असे माझे मत आहे.

टिळकांच्या निधनाच्या तारखेचा घोळ दिवस कधी बदलतो यातून निर्माण होतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात त्यांनी प्राण सोडला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. इंग्रजी तारीख मध्यरात्री बारा वाजता बदलते, म्हणून त्या हिशेबाने १ ऑगस्ट लागला होता. आपला पंचांगाचा वार मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. त्यामुळे त्या काळच्या घरोघरच्या समजुतीप्रमाणे ती अजून शनिवारचीच रात्र होती, आणि शनिवारची तारीख ३१ जुलै. बोलण्यात आपण आजही ‘काल रात्री दोन वाजता’ असेच म्हणतो. ३१ जुलै ही नोंद म्हणून समजण्याजोगी आहे, पण दिनविशेष इंग्रजी तारखेने छापला जात असल्याने तिथे १ ऑगस्टच हवा.

या ठिकाणी एक जोड द्यावीशी वाटते. १९०६ पासून देशात भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई महापालिकेने ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नव्हता, आणि तो प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असे. म्हणजे जवळजवळ अर्धशतक या शहरात दोन घड्याळे चालू होती. त्या काळातली मुंबईची एखादी घटना मध्यरात्रीच्या आगेमागे घडलेली असेल, तर वेळ कोणत्या घड्याळाची हे पाहिल्याशिवाय तारीख लिहू नये. वर्तमानपत्राचा अंक पाहतानाही असेच भान लागते. ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघत असे. त्या आठवड्यातला मंगळवार म्हणजे ३ ऑगस्ट. अंकावरची तारीख उचलून घटनेला चिकटवल्यामुळे चुकलेल्या नोंदी जुन्या संग्रहांत बऱ्याच आढळतात.

त्याच रविवारी भर पावसात टिळकांची अंत्ययात्रा निघाली आणि गिरगाव चौपाटीवर त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. अंत्ययात्रेत महात्मा गांधी होते. आता असहकार चळवळीकडे येऊ. १ ऑगस्ट हा दिवस टिळकांच्या निधनामुळे ठरलेला नव्हता. खिलाफतीच्या प्रश्नावर असहकार करण्याचा निर्णय त्याआधीच झाला होता, प्रारंभाची तारीखही जाहीर झालेली होती, आणि त्याप्रमाणे गांधीजींनी त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना पत्र लिहून कैसर-ए-हिंद सुवर्णपदक परत केले. टिळकांचे देहावसान झाले म्हणून चळवळ सुरू झाली, हे भाषणांत ऐकू येणारे विधान त्यामुळे टिकत नाही. घटनाक्रमच त्याच्या आड येतो. टिळकांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टीचा जाहीरनामा काढला होता आणि कौन्सिलांच्या निवडणुका लढवण्याकडे त्यांचा कल होता, हे लक्षात घेतले तर दोन घटनांची सरळ कार्यकारणाची साखळी जुळवणे किती धोक्याचे आहे ते कळते. खरा दुवा पुढच्या वर्षी सापडतो: १९२१ मध्ये एक कोटी रुपयांचा ‘टिळक स्वराज्य फंड’ उभारण्याचे आवाहन काँग्रेसने केले आणि असहकाराच्या कामाला पैसा लोकमान्यांच्या नावाने गोळा झाला. मुलांना संबंध सांगायचाच असेल तर हा सांगावा.

असहकाराच्या प्रारंभाची तारीख काही पुस्तकांत सप्टेंबर १९२०, तर काही ठिकाणी डिसेंबर १९२० अशी दिसते. त्यामागेही कारण आहे. काँग्रेसने हा कार्यक्रम कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात सप्टेंबरमध्ये स्वीकारला आणि नागपूरच्या अधिवेशनात डिसेंबरमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणून ‘असहकार चळवळ सुरू झाली’ एवढेच मोघम न लिहिता ‘गांधीजींनी व्हाइसरॉयना पत्र लिहून पदक परत केले आणि असहकाराला प्रारंभ केला’ असे लिहावे. मग सप्टेंबर आणि डिसेंबरच्या नोंदींशी भांडण उरत नाही. मोठ्या चळवळी, संस्था, कायदे यांना एकच जन्मदिवस क्वचितच असतो, आणि कोणता टप्पा आपण धरला ते वाक्यातच सांगितले की वाद मिटतो.

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म त्याच दिवशी वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी झाला. त्यांचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. बहुतेक संग्रहांत ‘सांगली जिल्ह्यातील वाटेगाव’ असे असते. आजच्या वाचकाला गाव सापडावे म्हणून ते ठीकच आहे, पण १९२० मध्ये हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि सांगली हे नाव त्याला त्यानंतर मिळाले. ‘तेव्हाचा सातारा, आताचा सांगली जिल्हा’ एवढे चार शब्द वाढवले तर नोंद निर्दोष होते.

आपल्याकडे शाळांत या दिवशी टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती असा संयुक्त कार्यक्रम होतो. त्यातल्या भाषणांत ‘एक सूर्य मावळला, दुसरा उगवला’ छापाचे वाक्य ठरलेले असते. मला ते पटत नाही. टिळकांचे राजकारण आणि अण्णा भाऊंचे साहित्य व शाहिरी यांची मुळे निरनिराळ्या समाजस्थितीत आहेत. गिरणगावात कामगार म्हणून वाढलेल्या, १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करणाऱ्या आणि देशाला स्वातंत्र्य मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्ट १९४७ रोजी, शिवाजी पार्कवर भुकेल्यांचा मोर्चा नेणाऱ्या माणसाला कुणाच्या तरी जागी उगवलेला म्हणणे म्हणजे दोघांवरही अन्याय आहे. तारीख एक आहे, इतकेच सांगावे आणि दोघांची ओळख स्वतंत्रपणे द्यावी. वेळ कमी असेल तर एका वर्षी एकावर आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यावर सविस्तर बोलावे.

तारखा जुळण्याचे मुलांना जे नवल वाटते, त्याचे उत्तर गणिताच्या शिक्षकांकडून द्यावे. कोणतीही २३ माणसे एकत्र आली तर त्यांत निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. ज्यांची नोंद घ्यावी अशी माणसे आणि घटना हजारोंनी आहेत आणि तारखा फक्त ३६६. तेव्हा प्रत्येक तारखेवर गर्दी होणारच. चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन हे दोघे १२ फेब्रुवारी १८०९ या एकाच दिवशी जन्मले, हे अगदी खरे आहे आणि त्यातून काहीही निष्पन्न होत नाही.

याउलट जगभर मिरवले गेलेले काही योगायोग मुळात योगायोगही नाहीत. शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी वारले असे सांगतात. स्पेनने १५८२ मध्ये ग्रेगरी पोपची नवी दिनदर्शिका घेतली होती आणि इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर होते; दोहोंत तेव्हा दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे तारीख एक असली तरी दिवस एक नव्हता. शिवाय सर्व्हांतेसचे निधन आदल्या दिवशी झाले आणि २३ तारीख दफनाची, असे अभ्यासक मानतात. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्यही असेच दोन दिनदर्शिकांची सरमिसळ करून बनले आहे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ रोजी झाला तो इंग्लंडच्या जुन्या गणनेने. ज्या गणनेने गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ ला पडतो, तिच्यात न्यूटनचा जन्मदिन ४ जानेवारी १६४३ येतो.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेत तो उभा राहतो, आणि तारीख कशी पारखावी याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही. जेधे शकावलीत, म्हणजे शकवार घटनांच्या जुन्या टिपणात, ही नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. शकावरून इसवी सन काढताना नवशिका ७८ मिळवतो आणि १६२९ लिहून मोकळा होतो. पण शक चैत्रात बदलतो आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना. तोवर इंग्रजी वर्ष पालटलेले असते, म्हणून इथे ७९ मिळवायचे आणि उत्तर १६३० येते. त्या तिथीची ज्युलियन तारीख १९ फेब्रुवारी आहे. आता वार ताडून पाहू. ज्युलियन १९ फेब्रुवारीत दहा दिवस मिळवले की, १६३० हे लीप वर्ष नसल्याने, ग्रेगरियन १ मार्च १६३० येतो. ग्रेगरियन गणनेत दर चारशे वर्षांनी वार तंतोतंत तेच येतात, म्हणून मोबाइलच्या कॅलेंडरात १ मार्च २०३० उघडून पाहावा: शुक्रवार. शकावलीतला वार आणि गणिताने आलेला वार जुळला. वार, तिथी आणि तारीख या तीन गोष्टी परस्परांशी जुळल्या की नोंद विश्वासार्ह ठरण्याच्या दिशेने मोठे पाऊल पडते. न जुळल्यास कुठेतरी लेखनदोष आहे असे समजावे.

पूर्वी जन्माची नोंद शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे ६ एप्रिल १६२७ अशी धरली जात असे. १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध झाल्यावर चर्चेला वेगळे वळण लागले, आणि ती प्रसिद्ध करणारे होते स्वतः लोकमान्य टिळक. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. इथे अनेकजण विचारतात की ग्रेगरियन हिशेबाने १ मार्च येतो, मग तोच का नको? इतिहासलेखनाचा प्रघात असा की तत्कालीन इंग्रजी कागदांशी मेळ राहावा म्हणून सतराव्या शतकातल्या मराठेशाहीच्या तारखा ज्युलियन पद्धतीनेच द्याव्यात. ६ जून १६७४ हा राज्याभिषेकाचा दिवसही ज्युलियनच आहे. दिनविशेषात एक तारीख या गणनेची आणि दुसरी त्या गणनेची असे होऊ देऊ नये, एवढे पथ्य पुरे आहे.

त्या काळचे मूळ कागद पाहण्याची वेळ आली तर आणखी जपावे लागते. गोव्याचे पोर्तुगीज नव्या दिनदर्शिकेने लिहीत आणि सुरतेचे इंग्रज वखारवाले जुन्या. म्हणून एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांवर दहा दिवसांच्या फरकाने तारखा दिसतात. त्यात इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, त्या दिवसांतल्या वखारीच्या कागदांवर १६६३ किंवा १६६३-६४ असे वर्ष दिसले तर ती चूक समजू नये.

संतांच्या पुण्यतिथी, समाधी सोहळे, तुकाराम बीज ही सगळी तिथीची प्रकरणे आहेत. त्यांना कायमची इंग्रजी तारीख देणे चुकीचे आहे. ज्ञानेश्वरांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीची, ती दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. त्या वर्षीच्या पंचांगातून तारीख घ्यावी आणि शाळेच्या कायमच्या संग्रहात मात्र ती तिथीखालीच ठेवावी. परिपाठाच्या वहीत अशा नोंदींसाठी वेगळी पाने राखावीत.

१ ऑगस्टच्या उरलेल्या नोंदी थोडक्यात पाहू. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन १ ऑगस्ट आहे, पण १२९१ च्या ज्या सनदेवर तो आधारलेला आहे तिच्यात ‘ऑगस्ट महिन्याच्या प्रारंभी’ इतकेच लिहिले आहे. नेमका दिवस सहाशे वर्षांनी, १८९१ च्या उत्सवासाठी ठरला. जोसेफ प्रिस्टलीने १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे लाल भस्म तापवले आणि त्यातून निघालेला वायू गोळा केला. ही प्रयोगाची तारीख आहे. स्वीडनच्या शेले यांनी तो वायू त्याआधीच मिळवला होता, पण त्यांचे पुस्तक १७७७ मध्ये आले, आणि ऑक्सिजन हे नाव लाव्हाझिए यांचे. तेव्हा ‘ऑक्सिजनचा शोध’ या शब्दांपेक्षा ‘प्रिस्टली यांचा प्रयोग’ असे लिहिणे अचूक होईल. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी बंद करणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला. संमती त्याला आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिळाली होती आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळलेला होता, म्हणून आपल्याकडच्या मुलांना ‘गुलामी बंद झाली’ असे सरसकट सांगू नये.

महाराष्ट्रात १ ऑगस्ट हा महसूल दिन आहे. महसुली वर्ष याच तारखेला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. ग्रामीण शाळेत ही नोंद जरूर घ्यावी, कारण वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी सातबारा आणि पीकपाहणी हे रोजच्या बोलण्यातले विषय असतात, आणि तलाठ्यांना परिपाठाला बोलावले तर ते त्यावर चांगले बोलतात.

या तारखेला जन्मलेल्यांत फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क (१७४४), पुरुषोत्तमदास टंडन (१८८२), वेगवान गोलंदाज मोहम्मद निसार (१९१०), अमरावतीचे भगवान आबाजी पालव म्हणजे आपले भगवानदादा (१९१३) आणि वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल (१९२४) आहेत. टंडन यांना घ्यायचे तर १९५० च्या काँग्रेसच्या नाशिक अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, हा धागा महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळचा वाटेल. वॉरेल यांच्याबद्दल एक ओळ हवीच. १९६२ मध्ये बार्बाडोसला चेंडू डोक्याला लागून आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारात होता, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाच्या या कर्णधाराने त्याच्यासाठी रक्त दिले. जन्मवर्ष आणि पद यांची जंत्री वाचण्यापेक्षा अशी एक गोष्ट मुलांच्या लक्षात राहते, म्हणून पाच नावांऐवजी एकच घ्यावे असे मी सुचवीन.

जन्मतारखांविषयी एक व्यावहारिक सूचना. आपल्या राज्यात एका विशिष्ट पिढीपर्यंतच्या पुष्कळ लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना नक्की तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. आपण स्वतः शिक्षक असल्याने हे मी सांगायला नको. १ जूनच्या दिनविशेषात स्थानिक व्यक्तींची नावे घालताना घरच्यांना एकदा विचारावे. पुष्कळदा खरी तिथी किंवा ‘अमक्या सणाच्या आदल्या दिवशी’ अशी आठवण निघते आणि त्यावरून तारीख काढता येते.

पडताळणीसाठी आधी त्या काळचा कागद, पत्र किंवा वर्तमानपत्र, मग विश्वसनीय चरित्र किंवा मराठी विश्वकोश, आणि फिरते संदेश सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. दोन संग्रहांत तीच नोंद आहे म्हणून ती खरी धरू नये, कारण दिनविशेषाचे संग्रह एकमेकांवरूनच उतरवलेले असतात. दोन्हींत शुद्धलेखनाची चूकही तीच असेल, तर त्यांना एकच साक्षीदार समजावे.

आपल्या फळ्यासाठी १ ऑगस्टची नोंद मी अशी लिहीन: ‘१९२०: मध्यरात्रीनंतर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक यांचे निधन. त्याच दिवशी, आधी जाहीर केल्याप्रमाणे, महात्मा गांधींनी कैसर-ए-हिंद पदक परत करून असहकाराला प्रारंभ केला. वाटेगाव (तेव्हाचा सातारा, आताचा सांगली जिल्हा) येथे साहित्यिक व शाहीर अण्णा भाऊ साठे यांचा जन्म. महाराष्ट्रात आज महसूल दिन.’ फळ्यावर जागा उरली तर वॉरेल घ्यावा, आणि आपल्या संग्रहातल्या ३१ जुलैच्या पानावर टिळकांच्या नावापुढे पेन्सिलीने ‘१ ऑगस्ट पाहा’ असे लिहून ठेवावे.